जोखीम भत्त्याचे भाऊ

"काहीच नाही झालं जी."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या महापालिकेच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध अडकले होते. सोबत आवक-जावक टेबलावरच्या दोन बाया आणि एक चहावाला, किटलीसकट. मे महिना. नागपूरचा मे ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटणार नाही. दिवा बंद, पंखा बंद. एक बाई रडत होती, दुसरी "रडू नको" म्हणून तिच्यावर ओरडत होती, आणि चहावाला "चहा गरम आहे, हलू नका" एवढंच म्हणत होता.

मग वरच्या फटीतून उजेड आला आणि त्या उजेडात एक चेहरा उलटा लटकला. जाड मिशी उलटी दिसली की फार विचित्र दिसते.

"काहीच नाही झालं जी," चेहरा म्हणाला. "जेवन झालं काय?"

आम्ही चौघंही वर पाहायला लागलो.

"नाही झालं? मंग डब्यात काय आनलं?"

रडणारी बाई हुंदका देता देता म्हणाली, "वांगं."

"कोनतं? भाजीचं का भरताचं?"

"भरताचं."

"भाजाच्या आधी तेल लावता का नाही?"

तुम्हाला खोटं वाटेल, पण वांग्याला तेल लावून भाजावं की कोरडंच, यावर आम्ही तिघी इतक्या तावातावानं बोलायला लागलो की दार कधी उघडलं ते कळलंच नाही. बाहेर आल्यावर मी पाहिलं, तो माणूस वर फरशीवर पोटावर झोपून बोलत होता आणि त्याचा एक हात कोपरापर्यंत लिफ्टच्या यंत्रात होता. हात बाहेर आला तेव्हा दोन बोटांतून रक्त गळत होतं.

"भाऊ, लागलं तुम्हाला," मी म्हणाले.

त्यांनी बोटं पँटला पुसली. "काहीच नाही झालं."

त्यांचं नाव सांगत नाही. त्यांना आवडायचं नाही. शिवाय त्यांना नावानं कुणी हाकच मारत नसे. अग्निशमन दलात, चहाच्या ठेल्यावर, आमच्या ऑफिसात सगळीकडे ते नुसते भाऊ. पगाराच्या कागदावर त्यांचं पद "प्रमुख अग्निशमन विमोचक" असं छापलेलं असे. ते वाचून ते म्हणायचे, "आमी फायरमन, ताई. हा विमोचक कोन आहे ते मले मालूम नाही. भेटला तं सांगजा, माहा पगार तोच घेऊन राहिला."

अंगानं किडकिडीत. उजवी भुवई नव्हती, त्यामुळे अर्धा चेहरा कायम आश्चर्यात असे. भुवई कुठे गेली, याचं उत्तर त्यांनी कधी दोनदा सारखं दिलं नाही. मला सांगितलं, न्हाव्याचा हात चुकला. चहावाल्याला सांगितलं, जन्मताच एक आली होती. आमच्या हेडक्लार्क बडेबाबूंना सांगितलं, जुनी झाली होती, गळली.

दलात त्यांची कीर्ती झाली ती गोऱ्ह्यामुळे. लकडगंजच्या बाजूला एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर एक तरणाबांड गोऱ्हा चढून बसला होता. जनावर जिना चढतं, पण उतरत नाही. त्याला पायऱ्या दिसल्या की ते अडतं. लोकांनी शेपूट ओढून पाहिलं, काठ्या मारून पाहिल्या, कुणी क्रेन मागवायला निघालं. भाऊंनी सगळ्यांना खाली पाठवलं आणि स्वतः गोऱ्ह्याशेजारी बसून राहिले. मग जिन्यावर तणस अंथरायला लावली, इतकी की पायरी म्हणून दिसू नये, नुसता उतार दिसावा. आणि गोऱ्ह्याच्या कानाशी बोलत बोलत, एकेक पाऊल, त्याला खाली आणलं. दीड तास लागला. काय बोलत होते, असं विचारलं तर म्हणाले, "इचारत होतो, बावा, वर काय पाहाले आलता?"

म्हणून जेव्हा पगाराच्या वाटाघाटीसाठी फायरमन लोकांना प्रतिनिधी निवडायचा होता, तेव्हा सगळ्यांनी एकमुखानं भाऊंना निवडलं. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं: जो गोऱ्ह्याले उतरवते, तो साहेबाले नाही उतरवणार काय?

त्या वर्षी शहराकडे पैसा नव्हता. तसा तो दर वर्षीच नसतो, पण त्या वर्षी तो नसल्याचं लेखी कबूल केलं होतं. कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहा, असं परिपत्रक निघालं होतं आणि ते परिपत्रकच पाठकोऱ्या कागदावर होतं. कूलरमधलं वाळकं गवत दोन वर्षं बदललं नव्हतं. कूलर सुरू केला की टेबलावर कुट्टी पडायची. आणि नेमक्या त्याच वर्षी फायरमन लोकांनी जोखीम भत्ता वाढवून मागितला. भत्ता इतका जुना होता की महिनाभराच्या जोखमीत दोन प्लेट तर्री-पोहे आणि एक कट चहा एवढंच बसायचं.

खरं दुखणं मात्र पोलिसांचं होतं. भाऊंचा साळा पोलीस शिपाई. दर सणाला सासुरवाडीत दोघं शेजारी शेजारी जेवायला बसत आणि सासूबाई पुरणपोळी वाढता वाढता विचारत, "जवई, तुमाले हे भेटते काय? याले भेटते. ते भेटते काय? याले तेबी भेटते." साळ्याला आहाराचा भत्ता वेगळा, गणवेशाचा वेगळा. भाऊ म्हणायचे, "दोघंबी खाकीतच. ते चोराच्या मागं पयते, मी आगीच्या पुढं. पन सासूच्या हिशेबात मी पानी मारनारा." फायरमन लोकांच्या निवेदनात म्हणूनच जागोजागी "पोलिसांप्रमाणे" असं लिहिलेलं होतं. मी मोजलं नाही, पण सहीच्या जागीसुद्धा ते असतं तर मला नवल वाटलं नसतं.

मी आस्थापना शाखेत लिपिक. पगार समितीच्या बैठकीत काय झालं ते लिहून काढायचं काम माझ्याकडे होतं. समितीचे प्रमुख आमचे लेखा साहेब. ते पुण्याकडचे, बदलून आलेले. वाईट माणूस नव्हता. अतिशय सभ्य, अतिशय काटकसरी, पेन्सिलचं थोटूक संपेपर्यंत वापरणारा. फक्त नागपूरचं ऊन आणि नागपूरची बोली, या दोन्ही गोष्टी त्यांच्या अंगावर यायच्या.

पहिली बैठक जानेवारीत झाली. साहेबांच्या समोर भाऊ, भाऊंच्या मागे चार फायरमन, कोपऱ्यात मी.

साहेबांनी फाइल उघडली आणि एका आकड्याभोवती लाल गोल दाखवला. "हे काय आहे? एका केंद्राला एका महिन्यात एवढ्या वर्द्या?"

"हो जी. उन्हाळ्यात तं याच्या दुप्पट."

"दुप्पट?" साहेब मागे टेकले. "उन्हाळ्यात दुप्पट वर्द्या कशाला लागतात?"

"आता लागते ते लागते जी. आपल्या हातात थोडीच आहे?"

"आणि एवढ्या वर्द्या असताना पुन्हा धुलाई भत्ता मागता?"

भाऊ मागच्या चौघांकडे पाहायला लागले. मग माझ्या लक्षात आलं आणि मी पुढे वाकून हळूच म्हणाले, "सर, आग लागल्याचा फोन येतो त्याला हे लोक वर्दी म्हणतात. गणवेश नाही."

साहेब लाल झाले, पण त्यांनी खोडरबर काढून तो गोल खोडायचा प्रामाणिक प्रयत्न केला. लाल पेन्सिल नीट खोडली जात नाही. कागद फाटला.

या गोंधळानं वातावरण जरा सैल झालं होतं. साहेबांनी भाऊंना मवाळ सुरात विचारलं, "हे पहा, पोलिसांचा पगार राज्य सरकार देतं, तुमचा आम्ही देतो. त्यांच्याशी तुलना मला करता येणार नाही. जोखीम भत्ता वाढवायचा तर जोखीम वाढल्याचं मला दिसलं पाहिजे. तुमच्या कामात धोका किती आहे, ते तुम्हीच सांगा."

भाऊ खुर्चीत पुढे सरकले. मागचे चौघे आशेनं पुढे वाकले.

"धोका?" भाऊ म्हणाले. "नाही जी. काम येते ना आपल्याले."

मागून कुणीतरी खुर्चीला लाथ मारली.

"मागच्या महिन्यात लाकडाच्या वखारीला आग लागली होती. तेव्हा काय झालं?"

"काहीच नाही झालं."

"छप्पर कोसळलं, असं अहवालात आहे."

"ते कोसळलं ना. पन आमी बाजूले होतो."

"किती बाजूला?"

भाऊंनी दोन्ही हात पसरून दाखवले. कोंबडी केवढी, हे दाखवताना आपण पसरतो तेवढे.

साहेबांनी समाधानानं माझ्याकडे पाहिलं. "लिहा. कर्मचारी प्रतिनिधींच्या मते कामात विशेष धोका नाही."

मी लिहिलं. काय करणार? बोलले होते ते.

खाली ठेल्यावर चौघांनी भाऊंना घेरलं. त्यातला एक दांडगा फायरमन तर रडकुंडीला आला होता. "भाऊ, तुले पाठवलं काहून होतं बे? धोका नाही हे सांगासाठी?"

"अरे, पन साहेब कसा भेलेला दिसत होता," भाऊ म्हणाले. "घामानं डबडबला होता. मले वाटलं, याले आजून काहून भेव देता?"

तेव्हा मला या माणसाचा घोळ कळला. तीस वर्षं ते घाबरलेल्या लोकांना "काहीच नाही झालं" म्हणत आले होते. समोरचा माणूस घाबरलेला दिसला की त्यांच्या तोंडून दुसरं वाक्य निघायचंच नाही. बजेटला घाबरलेला साहेब आणि लिफ्टमध्ये अडकलेली बाई, त्यांच्या लेखी सारखेच.

आम्ही तालीम घ्यायची ठरवली. रोज दुपारी, डबा खाल्ल्यावर, मी साहेब व्हायची. "तुमच्या कामात धोका किती?" भाऊ दीर्घ श्वास घ्यायचे, मिशीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "लय धोका आहे जी." इथपर्यंत छान. मग मी साहेबांसारखं कपाळ पुसून "अरे बापरे" म्हटलं की लगेच, "नाही, म्हंजे तसं काही नाही." चौथ्या दिवशी दांडग्यानं हात जोडले आणि तालीम बंद झाली.

मी म्हटलं, तोंडानं जमत नसेल तर कागदानं करू. तीस वर्षांत कधीतरी दवाखान्यात गेलेच असतील, ते कागद आणा. भाऊ म्हणाले, कागद हरवले. सगळे? सगळे.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. भाऊ ड्युटीवर आहेत हे पाहूनच गेले. वहिनी अंगणात कपडे धूत होत्या. बुटकी, नीटस बाई. बोलताना हातातलं काम थांबवत नाही, अशी. मी कशासाठी आले ते सांगितल्यावर त्यांनी फेसाचे हात पदराला पुसले, आत गेल्या आणि पेटीतल्या लुगड्यांच्या तळाशी ठेवलेलं एक जाडजूड पुडकं घेऊन आल्या.

"त्याइले वाटते हरवले," त्या म्हणाल्या. "ते माह्यापासून लपवतेत. कधी माळ्यावर, कधी गादीखाली. मी काढतो अन् पेटीत ठेवतो. मंग ते दोन दिवस शोधतेत, पन इचारत नाही."

मी हसले. त्याही हसल्या.

"घरी आल्यावर काही सांगतात का?"

"काय सांगतीन? काहीच नाही झालं म्हणतेत. मी शर्टाले इचारतो." त्यांनी बादलीतला खाकी शर्ट वर काढला. "लाकडाची आग असली तं वास दोन धुण्यात जाते. रबराची असली तं चार लागते. गाडीतल्या तेलाचा डाग तं जातच नाही." मग शर्ट परत पाण्यात सोडला. "एकदा एका घराची आग होती. तो वास मी आठ दिवस धुतला. त्या दिवशी जेवले नाही. म्हणे, भूक नाही. मी बी काही नाही इचारलं. भात झाकून ठेवला."

मी पुडकं पर्समध्ये ठेवलं. फाटकापर्यंत आल्यावर त्या म्हणाल्या, "मी देल्ले म्हणून सांगू नका बरं ताई. त्याइले बिचाऱ्याइले वाईट वाटन. एवढं लपवलं त्याइनं."

ते कागद मी फाइलला लावले. साहेबांनी ते माझ्यासमोरच वाचले. डाव्या हाताची कातडी, दोन बरगड्या, धुरानं भरलेलं छाती-फुप्फुस, पाय, पुन्हा तोच पाय. भुवईचासुद्धा एक कागद होता; गॅसचं सिलिंडर. वाचून झाल्यावर साहेबांनी बराच वेळ पेन्सिलचं थोटूक बोटांत फिरवलं. मग म्हणाले, "मला केंद्र बघायचंय. प्रत्यक्ष."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी अकराला, आम्ही अग्निशमन केंद्रावर गेलो. साहेबांचा स्वभावच असा की पाहायचं म्हणजे पूर्ण पाहायचं. आग विझवताना घालतात तो जाड पोशाख त्यांनी स्वतःच्या अंगावर चढवायला लावला. मग बूट. मग हेल्मेट. मग पाठीवर हवेचं सिलिंडर. "हे घालून हे लोक चढतात?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाले, "मग मीही चढतो."

सरावासाठी आवारात एक उंच मनोरा होता आणि त्याला शिडी लावलेली. भाऊ म्हणाले, "राहू द्या जी, काय करता?" पण साहेब चढले. पहिला मजला चढले. दुसऱ्याच्या जवळ पोहोचले. आणि तिथे त्यांनी खाली पाहिलं.

पुढे काही झालं नाही. म्हणजे अक्षरशः काहीच झालं नाही, साहेब हलेनात. दोन्ही हातांनी शिडी मिठीत धरून ते तिथेच चिकटले. खालून मी "सर?" म्हटलं. वरून हेल्मेटच्या आतून बारीक आवाज आला, तो प्रार्थनेसारखा वाटला.

सगळे फायरमन खाली उभे. हसू दाबून त्यांचे गाल फुगले होते. भाऊंनी एकदा सगळ्यांकडे असं पाहिलं की गाल खाली बसले. मग ते शिडी चढून गेले, साहेबांच्या खालच्या पायरीवर उभे राहिले आणि दोन्ही बाजूंनी हात वर नेऊन साहेबांना शिडीसकट कवेत घेतलं.

"काहीच नाही झालं साहेब. सकाळी नाश्ता काय केला?"

साहेबांची शिडीला मारलेली मिठी आणखी घट्ट झाली.

"पोहे केले काय?"

"उपमा," वरून आवाज आला.

"कोनं केला?"

"मीच. एकटा राहतो ना इथे."

"शेंगदाने टाकले?"

"नाही."

"टाकत जा. उजवा पाय खाली घ्या. हां. अन् कढीपत्ता?"

"इथे ताजा मिळत नाही हो."

"असं कसं भेटत नाही? डावा पाय. माह्या घरी झाड आहे, उद्या आनून देतो. आता उजवा. रवा भाजता का तसाच टाकता?"

"भाजतो, पण गुठळ्या होतात."

"मंग पानी गरम नसन. डावा पाय. पानी उकळलं पायजे साहेब, खळाखळा. आता दोन्ही पाय. झालं. जमिनीवर आले तुमी."

साहेबांना बाकावर बसवलं, पोशाख काढला. आतला शर्ट पिळून निघेल इतका भिजला होता. कुणीतरी लिंबाचं सरबत आणलं. साहेबांनी एक घोट घेतला. मग त्यांनी भाऊंना विचारलं, आणि हे विचारणं समिती प्रमुखाचं नव्हतं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

भाऊंनी एकदा मागे पाहिलं. त्यांचे लोक लांब उभे होते. साहेब आता घाबरलेले नव्हते. घोटभर सरबत पिऊन शांत बसले होते. तेव्हा प्रथमच माझ्यासमोर भाऊ म्हणाले, "लागते ना जी. भेव तं लागतेच. दर वेळी लागते. जिना चढताना पाय कापते. पन समोरचा आधीच भेलेला राहते. दोघंबी भेलो तं काम कोन करन?"

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. "हे लिहा," ते मला म्हणाले.

मी त्या दिवशीच्या नोंदीत लिहिलं, "कर्मचारी प्रतिनिधींनी भीती वाटत असल्याचे मान्य केले." आमच्या भाषेत याहून बरं लिहिता येत नाही.

पण समजूत पटली म्हणून तिजोरी भरत नाही. शेवटच्या बैठकीत साहेब म्हणाले, "मी रस्त्यांच्या दुभाजकांवरची रोषणाई कापली, आमच्या ऑफिसचं रंगकाम कापलं. त्यातून जेवढं निघालं तेवढं हे आहे." त्यांनी एक आकडा कागदावर लिहून पुढे सरकवला. "कायम फायरमनना तुम्ही मागता तेवढा पूर्ण भत्ता यात बसतो. पण दलात कंत्राटी लोकही आहेत. त्यांना आज जोखीम भत्ता नाही, जखमी झाले तर दवाखान्याचा खर्चही नाही. त्यांनाही धरायचं असेल तर सगळ्यांना अर्धाच बसेल. तुमची मागणी कायम कर्मचाऱ्यांची आहे. तुम्ही सांगाल तसं मांडतो."

मागच्या चौघांपैकी दांडग्यानं लगेच भाऊंच्या पाठीत बोट रुतवलं. पूर्ण घे, असा त्याचा अर्थ. आणि मी त्याला दोष देणार नाही. त्याच्या घरी तीन मुली शिकत होत्या.

भाऊ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "शिडीवर माह्या खाली कोन उभा राहते, साहेब, ते मी पाहात नाही. कधी परमनंटवाला राहते, कधी कंत्राटवाला. शिडी दोघंबी धरतेत. सगळ्याइले अर्धा द्या. अन् दवाखाना पूरा द्या."

जिन्यावरच भांडण झालं. दांडगा म्हणाला, "तुले काय, तू तं आठ महिन्यानं रिटायर होऊन चालला! आमच्या पोटावर काहून दान करतं?" भाऊ काही बोलले नाहीत. "काहीच नाही झालं" हेसुद्धा नाही.

पंधरा दिवस केंद्रावर त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. चहा यायचा, पण त्यांना कुणी "या" म्हणायचं नाही. भाऊ आपले रोज सकाळी एकेकाला विचारायचे, "जेवन झालं काय? डब्यात काय आनलं?" आणि उत्तर न देणाऱ्याच्या डब्यात वाकून पाहून "हां, गवार" म्हणून पुढे जायचे. एक दिवस ते माझ्याकडे येऊन नुसतेच बसले. मी विचारलं, "चुकलं असं वाटतं का भाऊ?" ते म्हणाले, "त्याच्या तीन पोरीइची फी भराची आहे ताई. ते मले माहीत होतं." आणि उठून गेले. नंतर कळलं, तिन्ही मुलींसाठी वह्या-पुस्तकं घेऊन भाऊ त्याच्या घरी गेले होते आणि त्यानं ती परत पाठवली होती.

मे महिन्यात सरकीच्या एका गोदामाला आग लागली. त्यात एक कंत्राटी फायरमन छतावरून पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. दवाखान्याचं बिल मंजुरीसाठी माझ्या टेबलावर आलं, भाऊंची मागणी मान्य झाल्यापासूनचं कंत्राटी माणसाचं पहिलंच. बिल घेऊन आला होता तो दांडगा. जखमीला पाठीवर घेऊन शिडी उतरलाही तोच होता, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी शिक्का मारेपर्यंत तो उभाच राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. जाताना म्हणाला, "म्याडम, मी स्वतः घेऊन आलतो, हे भाऊले सांगू नका."

मी सांगितलं नाही. पण त्या संध्याकाळी दांडगा स्वतः दोन कट चहा घेऊन भाऊंच्या बाकावर जाऊन बसला, असं ऐकलं. दोघं काय बोलले ते कुणाला माहीत नाही. बहुतेक भाजीबद्दल बोलले असतील.

आता भाऊ निवृत्त झाले. साहेबांची बदली झाली. जाताना ते उत्तम उपमा करत होते. नवा प्रतिनिधी फार हुशार आहे. बैठकीला लॅपटॉप आणतो, ज्वाळांचे मोठमोठे फोटो दाखवतो, धोक्याचे प्रकार एक-दोन-तीन करून सांगतो. माझं काम सोपं झालं आहे. जे बोलतो तेच लिहायचं. पण खरं सांगते, बैठक चालू असताना कुणीतरी मला जेवलात काय म्हणून विचारावं, असं फार वाटतं.

त्यांचा निरोप समारंभ केंद्रावरच झाला. वहिनी आल्या होत्या. तीस वर्षांत केंद्रावर येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. शाल झाली, नारळ झाला. भाऊंना बोलायला सांगितलं तर माइक हातात धरून म्हणाले, "सगळे जेवून जा," आणि खाली बसले.

मग दांडग्यानं एक कागद पुढे केला. लेखा साहेबांची सही होती; त्यांची बदली तेव्हा व्हायची होती. दुरुस्तीहून आलेल्या गाडीची चाचणी फेरी घेण्यात यावी, मार्ग केंद्रावरील कर्मचाऱ्यांनी ठरवावा. कर्मचाऱ्यांनी मार्ग ठरवला होता: केंद्र ते भाऊंचं घर.

भाऊ नको नको म्हणत राहिले. तोवर वहिनी चपला हातात घेऊन, साडीचा काठ खोचून, कुणाचाही हात न धरता त्या लाल गाडीच्या पुढच्या केबिनमध्ये चढूनसुद्धा बसल्या होत्या. मग भाऊंना चढावंच लागलं.

मी स्कूटरवर मागून निघाले. गाडी फाटकाबाहेर पडली आणि दांडग्यानं घंटा सुरू केली. भर दुपारी, भर रस्त्यात, घणघणघण. रिक्षा बाजूला झाल्या, दुकानदार बाहेर आले, लोक आग कुठे लागली म्हणून आकाशात धूर शोधू लागले. भाऊंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बंद कर बे," खिडकीतून त्यांचा आवाज आला. "लोकं भेतीन!"

"वाजू दे गा," वहिनी म्हणाल्या. अगदी ठाम, कपडे धुताना बोलतात तशा आवाजात. "वाजू दे."

घंटा वाजत राहिली. चौकात वाहतूक पोलीस उभा होता. गाडी येताना पाहून त्यानं दोन्ही हात पसरून चारही बाजूंची वाहनं थांबवली, आणि गाडी समोरून जाताना, त्याला काय वाटलं कोण जाणे, टाच जुळवून कडक सलाम ठोकला. भाऊंचं तोंड अजून हातांतच होतं. त्यामुळे तो सलाम वहिनींनी घेतला. मान ताठ ठेवून, जराशी झुकवून.